मधुमेही रुग्णाच्या पाठीवरच्या जखमेची नोंद ठेवा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

मी तालुक्याच्या गावी फिजिओथेरपी करते. मणक्याच्या गादीचं ऑपरेशन झालेला मधुमेही रुग्ण आला की मी आधी त्याची पाठ बघते. मागच्या पावसाळ्यात एक शेतकरी काका आले. पायातली कळ थांबली होती, पण कमरेवरचे टाके उसवून बनियन पाठीला चिकटलं होतं. साखर तीनशेच्या वर. फाइलमध्ये ऑपरेशनच्या सकाळची उपाशीपोटीची साखर होती. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी कुठेच नव्हती.

साखर चढलेली असली की पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत आणि जखम रेंगाळते. उघड्या शस्त्रक्रियेत स्नायू हाडापासून सोडवावे लागतात, तर लहान छेद घेऊन नळीतून किंवा दुर्बिणीतून केल्यास ते नुसते बाजूला सारून वाट काढतात. म्हणून मधुमेहींना लहान छेद बरा, असं मलाही वाटतं. पण अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात लहान छेदाने जंतुसंसर्ग कमी होण्याची शक्यता दिसली, तरी दुखणं कमी होण्यात उघडी पद्धत किंचित सरसच दिसली. शिवाय दुर्बिणीवर हात बसायला सर्जनला वेळ लागतो. आणि पायांची आग मधुमेहानेच नसा खराब झाल्यामुळे होत असेल, तर कुठल्याच ऑपरेशनने ती जाणार नाही. हे रुग्णाला आधी कुणीतरी सांगायला हवं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ च्या अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. आपल्या रुग्णांसाठी कोणती पद्धत बरी, हे आपल्याच नोंदींतून कळायला हवं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मणक्याच्या शस्त्रक्रियेला मंजुरी देताना मधुमेहींची एचबीएवनसी सक्तीची करा. लघवी अडली असेल किंवा पायातली ताकद झपाट्याने जात असेल, तर मात्र या तपासणीसाठी ऑपरेशन एक तासही थांबवू नका. छेद कोणता घेतला, तेही नोंदवा. तीन महिन्यांनी जखम कशी आहे, हे रुग्णाला फोन करून विचारा. रुग्णालयांत योजनेच्या रुग्णांना मदत करणारे आरोग्यमित्र आहेतच, त्यांना हे काम देता येईल. रुग्णांची नावं वगळून ही माहिती दरवर्षी जाहीर करा. जिल्हा रुग्णालयांसाठी दुर्बिणी घ्यायच्या की आधी साखर आटोक्यात आणायची सोय करायची, हे त्यावरून ठरवा.

कळावे,
आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट