पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र: तुमच्या मदतवाहिनीने डब्यात काय होते ते विचारलेच नाही

माननीय पशुसंवर्धन मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

पाळीव प्राण्याच्या पोटात विषारी वस्तू गेल्यास चोवीस तास पशुवैद्यांचा सल्ला मिळेल, असे आश्वासन देऊन आपण गेल्या वर्षी मदतवाहिनी सुरू केली. तिचा क्रमांक मी कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवला होता. महिन्याभरापूर्वी, रात्री अकराच्या सुमारास, तुंबलेला पाइप मोकळा करण्याच्या दाण्यांचा डबा आमच्या कुत्रीने फोडला. मी पोहोचेपर्यंत तिच्या ओठांवर पांढरे कण चिकटले होते आणि ती पुढच्या पंजाने सारखे तोंड घासत होती.

फोन उचलणाऱ्याने माझे नाव, कुत्रीची जात आणि वय विचारून घेतले. डब्यावर काय लिहिले आहे, हे मात्र विचारले नाही. 'मिठाचे पाणी पाजून उलटी काढा,' एवढे सांगून त्याने फोन ठेवला. मी ते पाजले. माझ्या हातून दिलेले ती कधीच नाकारत नाही.

त्या दाण्यांत सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा होता. असा पदार्थ खाली जाताना अन्ननलिका भाजतो आणि उलटीबरोबर वर येताना तीच जागा पुन्हा भाजतो. शिवाय मिठाच्या पाण्याने रक्तातले सोडियम वाढून जनावराला झटके येऊ शकतात, ते वेगळेच. तोंड पाण्याने धुऊन, डबा सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा, एवढे एक वाक्य कोणी सांगितले असते तर पुष्कळ झाले असते. आता दुर्बीण घालून तपासल्यावर कळले की, जखम भरताना तिची अन्ननलिका आक्रसली आहे. पातळ केलेले अन्न वाडगा उंचावर धरून भरवावे लागते, तरी निम्मे परत येते, आणि ती माझ्याकडे पाहत पुन्हा वाडग्याशी येऊन बसते.

महोदय, प्रत्येक विषावर एकच उत्तर देणारी मदतवाहिनी नसलेली बरी. रॉकेल प्यायलेल्या कुत्र्याला उलटी करवली तर ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. उलट काही पदार्थांत पहिल्या एक-दोन तासांत उलटी करवणे उपयोगाचे असते, पण ते पशुवैद्याने ठरवायचे असते. शुगर-फ्री च्युइंगमातल्या झायलिटॉलमुळे अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळू शकते. रक्त गोठू न देणारे उंदराचे औषध खाल्लेला कुत्रा दोन-तीन दिवस चांगला हिंडतो आणि मग आतून रक्तस्राव सुरू होतो, म्हणून 'उद्या बघू' हे उत्तर तिथे जीवघेणे ठरते. नेमके काय गिळले, किती, केव्हा आणि कुत्र्याचे वजन किती, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय कोणालाही सल्ला देता येत नाही. अमेरिकेत प्राण्यांच्या विषबाधेवर सल्ला देणारे केंद्र १९७८ पासून चालू आहे, तेव्हा हे अशक्य आहे असे कृपया सांगू नका.

तक्रार केली तर आपल्या खात्याने कळवले की, डब्यावरच्या सूचना ग्राहक खात्याच्या अखत्यारीत येतात. ग्राहक खाते म्हणते, जनावरे आमच्याकडे येत नाहीत. डब्यावर मुलांपासून दूर ठेवण्याची सूचना बारीक अक्षरांत आहे, उलटी काढू नये असे कुठेही नाही, आणि यात चूक कोणाची, हे सांगायला एकही अधिकारी तयार नाही. एका खात्याने दुसऱ्याकडे बोट दाखवायचे आणि नागरिकाने अर्जांच्या प्रती काढत बसायचे, यालाच आपण कारभार म्हणत असाल तर माझा त्यावर विश्वास उरलेला नाही.

मदतवाहिनीवर दर पाळीला एक पशुवैद्य बसवा. ते जमेपर्यंत फोन घेणाऱ्यांना उलटीचा सल्ला देण्यास लेखी मनाई करा. आणि दाहक पदार्थांच्या डब्यांवर ठळक अक्षरांत तशी सूचना छापून घेण्यासाठी ग्राहक खात्याशी आपणच बोला, कारण माझे ते ऐकत नाहीत. हे केव्हापर्यंत होईल, ती तारीख मला लेखी कळवावी. तो फुटका डबा मी जपून ठेवला आहे. भेटीची वेळ दिलीत तर सोबत घेऊन येईन.

आपल्या मदतवाहिनीवर भरवसा ठेवलेला,
एक नागरिक