तंबू कोणाच्या पाठीवरून वर जातो, हे लेखात कुठेच नाही

मा. संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील लडाखच्या तंबूंवरील लेख वाचला आणि त्यासोबतचे छायाचित्र पाहून राहवले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. लोखंडी पलंग, विजेचे दिवे आणि हीटर असलेल्या पक्क्या छावणीचे ते छायाचित्र असून त्याखाली ‘आघाडीवरील जवानाचा तंबू’ अशी ओळ छापलेली आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये लष्कराने पूर्व लडाखमधील हिवाळी निवाऱ्यांची माहिती दिली, तेव्हा या दोन गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या सांगितल्या होत्या. वीज, पाणी आणि उबेची सोय असलेल्या छावण्या वेगळ्या आणि अगदी पुढच्या फळीतील जवानांचे, तैनातीच्या गरजेप्रमाणे उभारलेले, गरम ठेवलेले तंबू वेगळे. ट्रक जिथवर जातो तिथला निवारा आणि ट्रक थांबल्यानंतर माणसाच्या पाठीवरून वर चढणारा निवारा एकच समजून लेख लिहिला, तर वाचकाला सगळे काही मार्गी लागले असे वाटणारच.

लडाखचे अभियंते सोनम वांगचुक यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये लोकांसमोर आणलेल्या सौर तंबूचे आपल्या लेखकाने कौतुक केले आहे आणि ते योग्यच आहे. बाहेर रात्री उणे १४ अंश असताना आत रात्री दहा वाजता १५ अंश तापमान राखणे, तेही रॉकेल न जाळता, ही मोठी गोष्ट आहे. बुखारीच्या, म्हणजे निवारा गरम ठेवणाऱ्या रॉकेलच्या शेगडीच्या, काजळीत रात्र काढलेल्या कोणत्याही माणसाला त्याचे मोल सांगावे लागत नाही. परंतु ‘जवान तो सहज पाठीवर टाकून नेऊ शकतात’ हे वाक्य लेखकाने कशाच्या आधारे लिहिले? दहा जणांच्या त्या तंबूचा प्रत्येक सुटा भाग ३० किलोपेक्षा कमी वजनाचा आहे, एवढाच वांगचुक यांचा दावा होता. असे भाग अनेक आहेत आणि ते वाहणाऱ्या जवानाजवळ आधीच रायफल, काडतुसे, स्लीपिंग बॅग, शिधा आणि पाणी असते. १८,००० फुटांवर हवेतील प्राणवायू समुद्रसपाटीच्या तुलनेत जेमतेम निम्मा मिळतो. तिथे पिठ्ठूत, म्हणजे पाठीवरच्या पिशवीत, वाढलेला एकेक किलो छातीला कळतो. चौकीवर महिनोन्महिने राहणाऱ्या तुकडीसाठी तो तंबू उत्तम ठरेल. रोज जागा बदलणाऱ्या गस्तीला मात्र दोघांत मिळून वाहता येईल अशी हलकी राहुटीच लागते आणि तिच्याविषयी आपल्या पूर्ण पानभर लेखात एक ओळही नाही.

उत्तर सिक्किममध्ये मी नाईक असताना आमच्या गस्तीला आदल्या रात्री उशिरा तंबू मिळाले आणि पहाटे आम्ही निघालो. ते जाड सुती कापडाचे होते. वाटेत पाऊस लागला आणि कापड पाणी पिऊन इतके जड झाले, की ते वाहणाऱ्याला दर थोड्या वेळाने बदलावे लागले. संध्याकाळी पावसाचे बर्फ झाले. तंबू उभारायला घेतला तेव्हा खांबांचे तुकडे एकमेकांत बसेनात, कारण कापड एका खेपेचे आणि खांब दुसऱ्याच खेपेचे होते. मेखा तर भुसभुशीत बर्फात धरतच नाहीत. तिथे पोत्यांत बर्फ भरून ती पोती पुरायची आणि त्यांना तणावे बांधायचे, हे प्रत्येक जवान जाणतो. तेही आम्ही केले. शेवटी दोन खडकांमध्ये दोर ताणून त्यावर कापड टाकले, मध्यरात्री वाऱ्याने ते फाडले आणि उरलेली रात्र आम्ही एकमेकांना बिलगून बसून काढली. आमच्यातला माण तालुक्यातला एक मुलगा, नोकरीला वर्षही झाले नव्हते, त्याचे मोजे ओले राहिले होते. हिमदंशाने त्याच्या डाव्या पायाची दोन बोटे कापावी लागली.

परत आल्यावर आम्ही तक्रार केली. नोंदवहीप्रमाणे तंबू, खांब आणि मेखा यांची संख्या पूर्ण आहे, असे भांडारातून लेखी उत्तर आले. संख्या पूर्णच होती. खांब कापडाला बसतो का, हे पाहण्याचा रकाना त्या वहीत नव्हता. ही जुनी गोष्ट झाली आणि आता कापडे बदलली, हे मला ठाऊक आहे. तरीही फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात अतिउंचीवरील जवानांचे बूट, बर्फाचे चष्मे आणि निवारे यांबाबत गंभीर त्रुटी नोंदवल्या होत्या. त्याचा उल्लेख लेखात असायला हवा होता. तंबू कोरडा असताना किती वजनाचा आणि भिजल्यावर किती, हातमोजे न काढता तो किती वेळात उभा राहतो, एका तंबूचा मोडलेला खांब दुसऱ्याच्या खांबाने बदलता येतो का, हे आपल्या वार्ताहराने विचारायला हवे होते. आमच्या सातारा जिल्ह्यात गावोगाव माजी सैनिक आहेत. कोणीही उत्तर दिले असते.

त्याच पुरवणीच्या शेवटच्या पानावरील सहलीच्या लेखाविषयीही लिहिणे भाग आहे. महाबळेश्वर-पाचगणी परिसरात ‘मिलिटरी तंबूत’ रात्र घालवणाऱ्यांनी थंडी वाढल्यास कोळशाची शेगडी आत घ्यावी, असा सल्ला तिथे दिला आहे. महोदय, हा सल्ला जीवघेणा आहे. बुखारीला धूर बाहेर नेणारे नळकांडे असते, तरीही सैन्यात झोपण्यापूर्वी हवेची वाट उघडी आहे ना, हे तपासले जाते. बंद तंबूतल्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. छायाचित्राखालच्या ओळीची दुरुस्ती आपण सवडीने छापा, पण शेगडीविषयीची सूचना येत्या शनिवारच्या अंकात, पहिल्या पानावर छापावी, ही कळकळीची विनंती आहे, कारण त्याच संध्याकाळी लोक मुलाबाळांना घेऊन तिथे पोहोचतील.

आपला,
एक निवृत्त सुभेदार,
ता. कोरेगाव, जि. सातारा