मिस्त्रीमामा, तुमचे आभार राहूनच गेले

मिस्त्रीमामा, नमस्कार.

आमच्या वाड्याची डागडुजी करून तुम्ही भोरला परत गेलात तेव्हा मी ऑफिसात होते. संध्याकाळी आले तर चौक झाडलेला, उरलेला चुना पिंपात पाण्याखाली, आणि झाकणावर खडूनं लिहिलेलं: ‘पाणी आटू देऊ नका.’ आभार मानायचे राहूनच गेले. तुमची नात मोबाइलवर वाचून दाखवेल, म्हणून इथेच, चारचौघांत लिहिते.

शनिवार पेठेतल्या आमच्या बोळात आता दोनच वाडे उरलेत. आमचाही गेलाच असता. अकरा वारस, तीन भाडेकरू आणि दर पावसाळ्याआधी दारावर चिकटणारी नोटीस. पाडून फ्लॅट घ्या म्हणणाऱ्या भावंडांना मी नावं ठेवत नाही. आई वरच्या मजल्यावर एकटी असायची तेव्हा पावसात मलाही झोप लागत नसे.

त्यात आधीच्या ठेकेदारानं भिंतीला बाहेरून सिमेंट थापलेलं. तुम्ही त्यावर बोटानं टकटक केलीत आणि म्हणालात, “ताई, भिंतीला रेनकोट घातलाय, आत घाम साचलाय.” जमिनीतून चढणारी ओल चुन्यातून वाळून जाते, सिमेंटनं वाट अडवली की ती लाकडात शिरते, हे तेव्हा कळलं. ओसरीच्या कोपऱ्यातला खांब बुडाशी पार भुसा झाला होता. जो तो लोखंडी खांब सुचवत होता. तुम्ही मेहुण्याला, सुतारमामांना, बोलावलंत, तुळईखाली जॅक लावले, कुजका दोन फूट भाग कापून जुन्या सागाचा तुकडा सांधलात. खांबाखालचा दगड, तळखडा, मूळचाच ठेवलात.

आणि तो चुना! भिजवा, सुरखी म्हणजे विटांची पूड घालून मळा, गुळाचं नि हिरड्याचं पाणी घाला, थर द्या, गोणपाट ओलं ठेवा, थांबा, मग पुढचा थर. “आठवड्यात आटपा,” असं दादा म्हणाला, तर तुम्ही “मग सिमेंटवाल्याला बोलवा” म्हणून शांतपणे भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसलात. दादा अजून ते सांगून हसतो. (तेव्हा हसला नव्हता.)

पण खरे आभार वेगळ्याच गोष्टीचे. 12 जुलै 1961ला पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा पाणी कुठवर चढलं त्याची रेघ आजोबांनी माजघरात खिळ्यानं ओढली होती. सगळा गिलावा खरवडायचा ठरला होता. त्या रेघेबद्दल तुम्हाला सांगायला मी विसरले. संध्याकाळी धावत आले, तर सगळी भिंत उघडी आणि मधोमध वीतभर जुना पट्टा तसाच, रेघेसकट. “कुणीतरी मुद्दाम ओढलीय, म्हणून हात लावला नाही,” इतकंच बोललात. आई बराच वेळ तिथं उभी होती.

पिंपातलं पाणी आटू दिलेलं नाही. परसाची भिंत बाकी आहे. शेतातली लावणी उरकली की कळवा.

तुमची,
वाड्यातली ताई