फुटलेली ट्यूब घासूनपुसून फोटोला उभी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात जिल्हा पानावर साखर कारखान्याच्या ‘सहवीज प्रकल्पात बॉयलरचा स्फोट’ अशी चार कॉलमी बातमी आहे. स्फोट झाला असता तर त्याच बातमीत गाळप ‘अवघ्या ३६ तासांत पूर्ववत’ झाले नसते. वॉटर वॉलची, म्हणजे भट्टीभोवतीच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांच्या भिंतीची, एक ट्यूब फुटली, एवढेच. पण माझी तक्रार त्या शब्दापेक्षा खालच्या फोटोबद्दल जास्त आहे. फुटलेला तुकडा दोन्ही टोकांना गॅस कटरने कापलेला, वायर ब्रश मारून चकचकीत केलेला, आणि तो हातात धरून चौघे हसताहेत. सत्यनारायणाची भांडीसुद्धा इतकी घासत नाहीत. अहो, जे घासून काढले तोच पुरावा होता.

कारणही बातमीत देऊन टाकले आहे : ‘पाणी कमी पडल्याने ट्यूब तापून फुटली.’ रात्रपाळीचा अटेंडंट निलंबित. आता तुमचाच फोटो बघा. पाणी तुटले तर ट्यूब काही मिनिटांत लाल होते, मऊ पडून फुगते आणि माशाच्या तोंडासारखी उघडते. फाटलेली कड सुरीच्या पात्यासारखी पातळ झालेली असते. फोटोतली कड चांगली जाड आहे. फुगवटा दिसत नाही. खिडकीचे झडप उडावे तसा मधला तुकडाच उडाला आहे. छापील फोटोवरून निदान करू नये, मान्य. मग पाणी कमी होते हे कुणी, कशावरून ठरवले? ड्रम लेव्हलचा (बॉयलरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीचा) आलेख, आत जाणाऱ्या फीड वॉटरचा फ्लो, पंपाचे अँपिअर, यातले एक अक्षर बातमीत नाही.

जाड कड, फुगवटा नाही, तुकडा उडालेला, असे दिसले की आधी पाण्याच्या तपासणीची लॉगशीट काढायची. साखर कारखान्यात या दुखण्याची वाट ठरलेली आहे. वाफेवर रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या पहिल्या बॉडीतली (भांड्यातली) एखादी ट्यूब गळत असते. गाळप सुरू असताना वाफेचा दाब जास्त, म्हणून रस आत येत नाही. गाळप थांबले, एक्झॉस्टचा, म्हणजे त्या वाफेचा, दाब उतरला, की रस वाफेच्या बाजूला उतरतो आणि पुन्हा सुरू करताना पहिले कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेले पाणी) रसासकट बॉयलरच्या फीड टँकला जाते. साखर वीज वाहून नेत नाही, त्यामुळे पाण्याची वीजवाहकता मोजणारा कंडक्टिव्हिटी मीटर तेव्हा गप्प बसतो. बॉयलरच्या उष्णतेत साखर मोडते, सेंद्रिय आम्ले होतात, साडेनऊ-दहाला असणारा पीएच कोसळतो. ट्यूबच्या आत साचलेल्या थराखाली आम्ल पोलाद खाते आणि हायड्रोजन सुटतो. तो पोलादात शिरून तिथल्या कार्बनशी मिळून मिथेन बनवतो. मिथेनला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून पोलादाच्या दाण्यांच्या सीमांवर बारीक भेगा पडतात. बाहेरून ट्यूब ठणठणीत, जाडीच्या मीटरवरही बऱ्याचदा पास. ८७ किलो दाबाच्या बॉयलरवर हे दुखणे फार काळ लपत नाही.

जिल्ह्यातल्याच एका कारखान्यात (नाव घेत नाही, ज्याचे त्याला कळेल) एका हंगामात शेजारशेजारच्या तीन ट्यूब अशाच गेल्या. पहिल्या वेळी ‘मटेरियल खराब’ म्हणून पुरवठादाराला पत्र. दुसऱ्या वेळी अटेंडंटला मेमो. तिसऱ्या वेळी नेमका गॅसचा सिलिंडर संपला होता म्हणून तुकडा हॅक्सॉने कापावा लागला, आणि तेवढ्यामुळे तो धड राहिला! उभा चिरल्यावर आत काळा थर, थराखाली खड्डे. मायक्रोस्कोपखाली आतल्या कडेचा पर्लाइट (पोलादातला कार्बन असलेला भाग) गायब आणि भेगांचे जाळे. मग शुगर ट्रेसचे, म्हणजे कंडेन्सेटमध्ये साखर आली का या टेस्टचे, रजिस्टर मागवले. महिनाभर ‘निल’, एकाच पेनाने, एकाच हाताने, कारखाना बंद होता त्या दिवशीसुद्धा. टेस्ट तरी केवढी? परीक्षानळीत थोडे कंडेन्सेट, अल्फा-नॅफ्थॉलचे दोन-चार थेंब, कडेने हळूच सल्फ्युरिक ॲसिड. साखर असेल तर मध्ये जांभळे कडे उमटते. गाळप थांबून पुन्हा सुरू होताना ही टेस्ट केल्याशिवाय कंडेन्सेट बॉयलरला सोडायचेच नाही.

तुकडा काढण्याचीही रीत आहे. आधी जागेवरच फोटो. मग खडूने त्यावर वरची बाजू, आगीची बाजू आणि प्रवाहाची दिशा लिहायची. फुटलेल्या जागेपासून दोन्हीकडे किमान सहा इंच सोडून हॅक्सॉने कापायचे. गॅसशिवाय गत्यंतरच नसेल तर फूटभर लांबून. टोकांना बूच. ब्रश नाही, पाणी नाही, तेल नाही, आणि फाटलेल्या कडा एकमेकींना लावून बघायच्या नाहीत. शेजारच्या न फुटलेल्या ट्यूबचाही तुकडा घ्यायचा, कारण दुखणे थराचे असेल तर ते तिच्यातही असणार. एकापेक्षा जास्त ट्यूब फुटल्या असतील तर आधी कोणती गेली ते शोधायचे. बाकीच्या बहुधा तिच्या वाफेच्या झोताने कापल्या जातात, आणि लोक नेमके सगळ्यात मोठे भोक पडलेली उचलून लॅबला पाठवतात.

लॅबसाठी पुण्या-मुंबईला जायचीही गरज नाही. फौंड्र्यांमुळे शिरोली, गोकुळ शिरगावला स्पेक्ट्रो, हार्डनेस, मायक्रोस्कोप सगळे आहे. कास्टिंगमधल्या ब्लोहोलवरून (वायूने पडलेल्या पोकळीवरून) वाळूत ओल किती होती ते सांगणारी माणसे या गावात आहेत. त्यांना कुणी ट्यूब नेऊन दाखवत नाही.

त्याच पानावर खाली दोन ओळी : ‘डीपी जळाला, नवा बसवला.’ जळालेल्या ट्रान्सफॉर्मरचे तेल कुणी बाटलीत धरले का? किटकॅटमध्ये (फ्यूजच्या खोबणीत) फ्यूज वायर होती की ॲल्युमिनियमची जाड तार? हेही विचारायला बातमीदाराला मनाई नसावी.

फोटोतला तुकडा अजून गेटजवळ पडलेला असेल, तर भंगारवाला येण्याआधी आणि त्या अटेंडंटची चौकशी लागण्याआधी तो कुणीतरी उभा चिरून बघावा. वायर ब्रश बाहेरून मारला आहे. आतल्या बाजूपर्यंत तो पोहोचलेला नसणार.

कळावे,
एक वाचक, कोल्हापूर