‘परवानगी’ म्हणजे नक्की काय?

माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधील कलम 43 मालकाच्या परवानगीविना संगणकात शिरणाऱ्याला भरपाई द्यायला लावते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले, तर कलम 66 नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण परवानगी कशाला म्हणायचे, हे कायदा सांगतच नाही. संकेतस्थळावर बिल पाहताना ब्राउझरमधल्या पत्त्याच्या पट्टीतला शेवटचा आकडा 41 चा 42 केला आणि शेजाऱ्याचे बिल उघडले, तर कुलूप कोणी तोडले? तिथे कुलूप नव्हतेच! चूक ते न लावणाऱ्याची. याउलट, नोकरी सोडल्यावर जुन्या पासवर्डने कार्यालयाच्या सर्व्हरवर जाणारा गुन्हेगारच. खाते बंद करायला मालक विसरला, ही सबब चालू नये.

म्हणून पासवर्ड, ओटीपी यांसारखा अडसर चुकवणे किंवा काढून घेतलेला अधिकार वापरणे, एवढीच गुन्ह्याची व्याख्या हवी. संकेतस्थळाच्या अटी मोडणे हा दिवाणी वाद राहू द्या. त्रुटी दिसताच थांबून, माहिती उतरवून न घेता ‘सर्ट-इन’ या संगणक सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेला कळवणाऱ्याला तर कायद्याने स्पष्ट संरक्षण द्यावे. आज असा माणूस पोलिसांच्या भीतीने गप्प बसतो आणि भोक तसेच राहते.

— एक संगणक सुरक्षा तपासनीस, दादर, मुंबई