मूत्रपिंडविकार आणि फॅमिली डॉक्टरांचे प्रशिक्षण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फॅमिली डॉक्टर होऊ पाहणाऱ्या तरुण डॉक्टरांना शिकवताना एक उणीव सतत जाणवते आणि तिची चर्चा वैद्यकीय वर्तुळापुरती राहू नये, म्हणून हे पत्र लिहीत आहे. दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचे टप्पे या प्रशिक्षणार्थींना तोंडपाठ असतात. मात्र समोरच्या रुग्णाला मूत्रपिंडतज्ज्ञाकडे आता पाठवायचे की आपणच सांभाळायचे, हे ठरवताना त्यांतील बरेच जण अडखळतात.

यात त्यांचा दोष थोडा आहे. त्यांचे बरेचसे शिक्षण रुग्णालयाच्या वॉर्डात होते आणि तिथे दिसतो तो सूज आलेला, धाप लागलेला, डायलिसिसपर्यंत पोहोचलेला रुग्ण. दवाखान्यात रक्तदाबाची गोळी लिहून घ्यायला येणाऱ्या माणसाला मात्र बहुधा कसलाही त्रास होत नसतो, आणि त्याचा आजार ओळखण्याची वेळ नेमकी तीच असते.

पहिली अडचण क्रिएटिनिनची, म्हणजे स्नायूंतून रक्तात येणाऱ्या आणि मूत्रपिंड गाळून बाहेर टाकते त्या टाकाऊ पदार्थाची. हा आकडा स्नायूंच्या प्रमाणावरही अवलंबून असल्याने तो एकटा वाचला तर फसवतो. क्रिएटिनिन १.२ असलेल्या पंचवीस वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज, २०२१च्या ‘सीकेडी-ईपीआय’ सूत्रानुसार सुमारे ८६ येतो. सत्तर वर्षांच्या स्त्रीचे क्रिएटिनिन तेवढेच असेल तर तिचा ईजीएफआर ५०च्या खाली जातो. तरीही ‘अहवाल नॉर्मल आहे’ असे सांगून तिला घरी पाठवले जाते. लघवीतील अल्ब्युमिनची, म्हणजे एका प्रथिनाची, तपासणी तर याहूनही दुर्लक्षित आहे. मधुमेह आणि उच्च रक्तदाब असलेल्या रुग्णांत ती दरवर्षी व्हायला हवी, कारण ईजीएफआर चांगला असतानाही मूत्रपिंडाची इजा तीच दाखवते.

तज्ज्ञाकडे कधी पाठवावे याचे निकष ‘केडिगो’ या मूत्रपिंडविकारांवरील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत उपलब्ध आहेत. ईजीएफआर ३०च्या खाली गेला, लघवीत अल्ब्युमिन सातत्याने मोठ्या प्रमाणात जात राहिले, कार्यक्षमता झपाट्याने घसरू लागली, चार औषधे देऊनही रक्तदाब आटोक्यात येईना, पोटॅशियम वारंवार बिघडू लागले किंवा आजार आनुवंशिक असल्याची शंका आली, तर वाट पाहू नये. उलट, ज्याचा ईजीएफआर वर्षानुवर्षे ५०च्या आसपास स्थिर आहे आणि लघवीत अल्ब्युमिन नाही, अशा वृद्धाला तज्ज्ञाच्या रांगेत उभे करून विशेष काही साधत नाही. त्याचा रक्तदाब सांभाळणे, वेदनाशामक गोळ्यांची सवय सोडवणे आणि हृदयाची काळजी घेणे हे फॅमिली डॉक्टरचेच काम आहे. या आजारात डायलिसिसची वेळ येण्याआधी हृदयविकाराने जाणारे रुग्ण अधिक असतात, हे शिकवताना पुरेसे ठसवले जात नाही, असे माझे मत आहे.

आणखी एक चूक वारंवार दिसते. मूत्रपिंडाचे रक्षण करणारी रक्तदाबाची औषधे सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडे वाढते. पहिल्या चार आठवड्यांतील ही वाढ ३० टक्क्यांपर्यंत असेल, तर सहसा औषध चालूच ठेवायचे असते. घाबरून ते बंद केले जाते आणि रुग्ण ज्या उपचाराने वाचला असता, तोच त्याच्या हातून जातो.

उशिरा पाठवण्याची किंमत फार मोठी असते. डायलिसिससाठी हातात तयार करावा लागणारा फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शीर यांचा शस्त्रक्रियेने केलेला जोड, वापरण्याजोगा व्हायला अनेक आठवडे, कधी काही महिने लागतात. तेवढा अवधी नसेल तर मानेतील शिरेत नळी घालून तातडीने डायलिसिस सुरू करावे लागते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. प्रत्यारोपणाचा विचार, कावीळ ‘ब’ची लस, कुटुंबाची मानसिक तयारी, सारेच घाईत उरकावे लागते.

म्हणून प्रशिक्षण आखणाऱ्यांना विनंती आहे की, प्रत्येक प्रशिक्षणार्थीला मूत्रपिंडतज्ज्ञाच्या बाह्यरुग्ण विभागात काही काळ बसवावे आणि तिथे तज्ज्ञाकडे पाठवण्याची चिठ्ठी लिहायला शिकवावे. ‘क्रिएटिनिन वाढलेले, कृपया पाहावे’ एवढ्यावर तज्ज्ञाला फारसे काही ठरवता येत नाही. मागील एक-दोन वर्षांतील आकडे, लघवीचा अहवाल, चालू औषधे आणि पाठवण्याचे नेमके कारण त्या चिठ्ठीत हवे. प्रयोगशाळांनीही प्रौढांच्या अहवालात क्रिएटिनिनच्या शेजारी ईजीएफआर न मागता छापावा.

आपला नम्र,
एक वैद्यकीय शिक्षक