उत्तर कोणी द्यायचं, ते आधी लिही

सोलापूर,
12 मे

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

तुझा हवामान कायद्याचा मसुदा मिळाला. दोन बैठकीत वाचून काढला. तुम्ही वकील मंडळी हे काम अंगावर घेताय याचा आनंद आहे, पण निम्मी पानं उद्दिष्टांत गेलीत रे. 2070 पर्यंत नेट झिरो (म्हणजे जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषण, निव्वळ शून्य), अमुक सालापर्यंत तमुक टक्के. उद्दिष्टांचा दुष्काळ आपल्याकडे कधीच नव्हता. 30 जून 2008 ला हवामान बदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा आला, त्यात आठ मिशन होती, पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची परिषद तर त्याच्याही आधीची. सौर मिशन धावलं, कारण त्यामागे खातं, पैसा आणि निविदा होत्या. बाकीच्यांची दरवर्षी झडती घेण्याचं बंधन मात्र कुठल्याच कायद्याने कोणावर घातलं नाही.

मी उभी हयात मंत्रालयात नस्त्या हलवल्या, म्हणून सांगतो. उष्णतेच्या लाटेचंच घे. मदत व पुनर्वसनवाले म्हणणार, हे आरोग्याचं काम. आरोग्यवाले म्हणणार, उन्हात राबणाऱ्यांच्या वेळा बदलायच्या तर कामगार विभागाला विचारा. पाणपोया नगरपालिकेच्या, दुपारची वीज महावितरणची. अशा एका बैठकीचं इतिवृत्त मीच लिहिलंय. तक्त्यातला शेवटचा रकाना होता 'जबाबदारी', आणि वरपासून खालपर्यंत त्यात एकच नोंद, 'सर्व संबंधित'. एका विभागाने तर लिपिक पाठवला होता. बिचारा चहा पिऊन, हजेरीपटावर सही करून गेला. कशाला हो म्हणायचा त्याला अधिकारच नव्हता. पैशाचं म्हणशील, तर 15 व्या वित्त आयोगाच्या काळातली आपत्ती निधीची केंद्राची यादी काढून बघ. थंडीची लाट आहे, गारपीट आहे, त्सुनामीही आहे. उष्णतेची लाट नाही! राज्याला वाटलंच तर स्थानिक आपत्ती म्हणून निधीच्या 10 टक्क्यांत भागवायचं. मे महिन्यात सोलापुरात बसून ही यादी वाचावी, करमणूक होते.

ब्रिटनचा 2008 चा हवामान बदल कायदा तू परिशिष्टात जोडलायस. पण त्यातलं 2050 पर्यंत उत्सर्जन 80 टक्के घटवण्याचं उद्दिष्ट (2019 मध्ये त्यांनी ते 100 केलं) तेवढं उचललंस आणि मेख तिथेच राहिली. ती आहे रटाळ कलमांत. कार्बन बजेट, म्हणजे देशाने किती उत्सर्जन करायचं त्याची मर्यादा, पाच-पाच वर्षांचं, तेही जवळपास बारा वर्षं आधी ठरवायचं. सल्ल्याला स्वतंत्र समिती. समितीने दरवर्षी संसदेपुढे प्रगतीचा अहवाल ठेवायचा आणि सरकारने ठरलेल्या मुदतीत त्याला उत्तर द्यायचं. आता गंमत बघ. 2016 मध्ये तिथल्या सरकारने ऊर्जा व हवामान बदलाचं खातंच गुंडाळून दुसऱ्या खात्यात घातलं. समितीला मात्र धक्का लागला नाही. ती कायद्याने जन्मली होती, मोडायची तर संसदेत जावं लागलं असतं. 2022 मध्ये लंडनच्या हायकोर्टाने सरकारची नेट झिरोची योजना बेकायदा ठरवली, 2024 मध्ये सुधारलेली योजनाही. कोर्टाने तत्त्वज्ञान सांगितलं नाही. निर्णय घेताना मंत्र्यापुढे जो तपशील यायला हवा होता तो आलाच नव्हता, एवढंच दाखवलं.

आता तोही कायदा अमरपट्टा घेऊन आलेला नाही. 2008 मध्ये विरोधात मत देणारे खासदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि 2025 च्या ऑक्टोबरात हुजूर पक्षाच्या नेत्या केमी बेडनॉक यांनी सत्ता आली तर तो रद्द करू असं जाहीर केलं. करोत बापडे. पण त्यासाठी सभागृहात उघड मतदान घ्यावं लागेल. आपल्याकडे जीआर एका दुपारीत फिरतो, आणि कोणी फिरवला ते शोधायला माहितीचा अधिकार लागतो.

माझं विचारशील तर नमुना म्हणून दक्षिण आफ्रिका जास्त जवळची. कोळशावर जगणारा देश, मपुमलांगासारखा अख्खा प्रांत खाणींवर आणि औष्णिक केंद्रांवर पोसलेला. आपल्या चंद्रपूरकरांना काही समजवायला नको. जुलै 2024 मध्ये त्यांच्या कायद्यावर सही झाली. राष्ट्राध्यक्षांनी आधी नेमलेल्या आयोगाला कायद्याचा पाया मिळाला, प्रांतांना आणि नगरपालिकांना स्वतःच्या गरजा तपासून आराखडा करणं बंधनकारक झालं. कार्बन बजेटसारखी कलमं मात्र लगेच लागू केली नाहीत. तू अंमलाची तारीख 'शासन अधिसूचित करील त्या दिवशी' अशी टाकलीयस, ते वाक्य आधी खोड. कमाल मुदत घाल.

घटनेचं तुला मी काय सांगू? पाणी आणि शेती राज्यांकडे, वीज समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांकडे. 1986 चा पर्यावरण कायदा पर्यावरणावरच्या स्टॉकहोम परिषदेचा आधार देऊन अनुच्छेद 253 खाली (आंतरराष्ट्रीय करार पाळायला संसदेला कायदा करता येतो तो) झाला, तसा हवामानाच्या पॅरिस कराराच्या आधाराने हाही करता येईल. पण करता येतो म्हणून सगळं दिल्लीला बांधू नकोस. आणि माळढोकचा निकाल तू पहिल्याच पानावर लावलास ते झकास केलंस. नान्नजला ज्याच्यासाठी आपण तासन् तास उन्हात बसायचो, त्या पक्ष्याच्या खटल्यात सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठाने 2024 मध्ये अनुच्छेद 14 आणि 21 मधून, म्हणजे समानतेच्या आणि जगण्याच्या हक्कातून, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क काढला, आणि देशात यासाठी एकछत्री कायदा नाही हेही नोंदवलं. पक्षी तारांना धडकून मरू नयेत म्हणून वीजवाहिन्या भूमिगत करायचा आधीचा सरसकट आदेश मात्र त्याच निकालात मागे गेला. पक्ष्याच्या वाट्याला तज्ज्ञ समिती आली!

राहता राहिला वित्त विभाग. त्यांना मसुदा शेवटी दाखवू असं तू लिहिलंयस, ते मनातून काढून टाक. त्यांचा एखादा निवृत्त उपसचिव पहिल्या दिवसापासून शेजारी बसव. एक माझ्या ओळखीचा कोथरूडातच राहतो. बोलायला गोड, पण प्रत्येक कलमाला 'निधी कुठून?' विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही. त्याचा नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. सकाळी दहाच्या आत फोन कर, नंतर तो उचलत नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दिगंबर